चौथा दिवस : दुपार मोकळी

जेल रोडवर, मोबाइलच्या दुकानांच्या डोक्यावर,
दुसऱ्या मजल्यावर बसून
मी लोकांचे दिवस लिहिते.
पहिला दिवस : कासाब्लांका, विमानतळावरून थेट हॉटेल.
दुसरा : माराकेश. तिसरा : तिथलाच बाजार, पाकिटं सांभाळा.
चौथा : एस्सवीरा.
सकाळी तटबंदी, तोफा, निळ्या होड्यांचा धक्का.
दुपार मोकळी.

अकरा वर्षं लिहितेय.
तटबंदीआधी 'भव्य' लावायचं की 'ऐतिहासिक',
एवढीच त्या गावावर माझी सत्ता.
समुद्र मी पाहिलाय एकदाच, गणपतीपुळ्याला, सहावीत,
तोही अंगात ताप, आत्याच्या शालीच्या फटीतून.
इथं पाणी म्हणजे नर्मदेचं, एक दिवसाआड,
पहाटे टाकीत पडताना ऐकायचं
आणि पुन्हा झोपायचं.

जानेवारीत ताम्हनकर बाई आल्या. एकट्या.
शाळेत भूगोल शिकवून निवृत्त,
चाळीस वर्षं आफ्रिकेच्या डाव्या काठावर छडी ठेवून
पोरांना विचारलेलं, हे काय? हे काय?
गुडघे दोन्ही जुनेच.
माझा कागद त्यांनी बोट फिरवत वाचला,
तपासायची वही असावी तसा,
आणि बोट थांबलं.
"दुपार मोकळी. म्हणजे करायचं काय?"

मी सवयीनं सुरू झाले :
वाळूत उंटावरून फेरी, हम्माममधली अंघोळ,
लाटांवर पतंगाला लटकून पळणारी मुलं बघणं,
सुगंधी लाकडाच्या डब्या, घासाघीस करावी लागेल,
धक्क्यावर निखाऱ्यावर भाजलेले मासे...
"ते असू दे. बसायला बाक आहेत का?
समुद्राकडं तोंड केलेले?"

माझ्या फायलीत सगळं होतं.
मधुमेहींचं जेवण, टॉवेल किती, लिफ्ट कुठवर,
व्हिसाच्या फोटोत कान दिसावेत की नाही.
बाक नव्हते.

तिथल्या इद्रिसला फोन लावला.
इथं संध्याकाळचे सहा, तिथं दीड.
त्याची इंग्रजी मोडकी, माझी त्याहून थोडी,
पण बाकाला फार व्याकरण लागत नाही.
तो आधी हसला. मग म्हणाला, थांब, चालत जातो.
मी स्पीकर लावला.
शकीलनं चहाचा ग्लास खाली ठेवला, आवाज न करता.

आधी आला वारा.
मारोठिया बाजारात थान फाडतात तसा,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
फाडतच राहिलेला.
मग पक्षी, नळावर भांडल्यासारखे.
मग त्याच्या भाषेतले आकडे, धापेसकट.
"सात," तो म्हणाला. "तिसऱ्याचा पाय मोडलाय.
पाचव्यावर मांजर आहे. ती उठत नाही."
मग जरा वेळ नुसताच वारा, नुसतंच बिल चढत होतं.
"सातव्यावर मी बसलोय," तो म्हणाला,
"जन्म इथला माझा.
कधी बसलो नव्हतो."

कुणी काही बोललं नाही.
खाली कुणीतरी स्कूटर काढण्यासाठी
भिया, भिया, करत होतं.
बाईंनी पर्समधून पेन काढून
माझ्याच कागदावर सात लिहिलं,
त्याला गोल केला.

मार्चमध्ये परत आल्या. नाक सोललेलं.
तोफांचा एकही फोटो नाही.
"पाचवा काही मिळाला नाही," एवढंच म्हणाल्या,
आणि मीठ लागल्यासारखी खरखरीत एक लाकडी डबी
टेबलावर ठेवून जिना उतरल्या,
एकेक पायरी, आडव्या होऊन.
डबी मी अजून वास घेऊन बघते.
लाकडाचा येतो. समुद्राचा येत नाही.

आता मी लिहिते :
चौथा दिवस. सकाळी तटबंदी.
'भव्य' काढून टाकलंय.
दुपार मोकळी. बाक सात, त्यातले पाच धरून चाला.

लाहोटी सेठनी चष्मा वर करून वाचलं.
"हे पॅकेजमध्ये धरलंय का?"
म्हटलं, नाही सेठ.
हे वेगळं.